चाळणी आणि निळं पाणी

सुजाता,

गेल्या आठवड्यात तुझं पुण्यानुमोदन झालं. मिलिंदने बैठकीतले सोफे गॅरेजमध्ये ढकलले, खाली पांढऱ्या चादरी अंथरल्या, आणि एडिसनपासून पार फिलाडेल्फियापर्यंतची आपली माणसं आली. त्रिशरण, पंचशील झालं. मग एकेक जण उठून बोलला. सगळ्यांचं म्हणणं एकच, की सुजाता किती शांत, सुजाताने कधी कोणाला उलटून उत्तर दिलं नाही. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत चाललं होतं. हे लोक कोणाबद्दल बोलत होते? तू उलटून बोलत नव्हतीस हे खरं आहे. तू 'बरं' म्हणायचीस. ते 'बरं' काय चीज होतं हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नाही.

मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी उठलो नाही. म्हाताऱ्या सासऱ्याला रडू येतंय असं लोकांना वाटलं. मला राग येत होता. आता मंडळाच्या अंकासाठी दोन पानं लिहून द्या म्हणतात. चौथीपर्यंत शिकलेला माणूस लिहील तसं हे येणार, शुद्धलेखन कोणी काढत बसू नये. आणि मला तुझ्याशीच बोलायचं आहे, तर मी तुझ्याशीच बोलतो. बाकीच्यांनी बाजूला बसून ऐकावं.

आधी तुझ्या डोकेदुखीचं बोलतो, कारण ते माझ्या घशाखाली उतरत नाही. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळीसाठी तू फ्रिजवर कागद चिकटवला होतास. रोज गोळी घेतली की मी त्यावर खूण करायची. एक दिवस खूण राहिली, की संध्याकाळी अंगातला कोट काढायच्या आधी तुझा प्रश्न यायचा. आणि तुझं स्वतःचं डोकं तीन आठवडे दुखत होतं, ते तू मायक्रोस्कोपवर ढकललंस. डॉक्टरला दाखव म्हटलं तर, "शुक्रवारी बघू, बाबा." कोणत्या शुक्रवारी ते सांगितलं नाहीस. बुधवारी दुपारी डोक्यातली शीर फुटली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं. तू एक्केचाळीस वर्षांची. मी बहात्तरचा, सांधे गेलेला, एका कानाने कमी ऐकणारा, आणि अजून या घराचे जिने चढतोय. हा काय न्याय झाला? याचं उत्तर मला तुझ्याकडून पाहिजे, आणि 'बरं' चालणार नाही.

तुझी सासू गेल्यावर मिलिंदने मला नागपुरातून इथे आणलं. पहिल्या हिवाळ्यात आपलं भांडण कशावरून झालं ते आठव. भिंतीवरच्या त्या गरम हवेच्या बटणावरून. तुम्ही दोघं कामावर गेलात की मी ते वर करायचो. तू आलीस की काही न बोलता खाली करायचीस. पुन्हा मी वर, पुन्हा तू खाली. महिनाभर हे चाललं. मग एका सकाळी तू माझी मफलर हातात घेऊन दारात उभी राहिलीस. "बाबा, उद्यापासून माझ्यासोबत लॅबमध्ये चला. घरात एकटे बसून भिंतीशी भांडता." तिथे गरम असतं का, मी विचारलं. हो म्हणालीस. आणि नेऊन बसवलंस ते त्या गाळाच्या खोलीत. ती खोली एक मोठा फ्रिजच होती. समुद्राच्या तळात लांब नळ्या खुपसून वर काढलेला गाळ, उभा चिरून, लाकडी फळ्यांवर ओळीने झोपवलेला. मी कुडकुडत उभा आणि तू मला सांगत होतीस, की ही बोटभर जाडी म्हणजे शेकडो वर्षं. मी म्हटलं, असेल, पण मला घरी सोड.

मी घरी गेलो नाही त्याला कारण रेती. बाजूच्या गरम खोलीत एका काचेच्या वाटीत धुऊन वाळवलेला गाळ होता, रेतीसारखा. मी चिमूट उचलून बोटांत चोळली. पन्नास वर्षं गवंडीकाम केलेल्या माणसाचा हात रेतीकडे आपोआप जातो. कन्हान नदीची रेती आणि दुसऱ्या नाल्याची रेती मी डोळे मिटून वेगळी सांगायचो, ठेकेदार भेसळ करायचे म्हणून ते शिकावंच लागलं. ही रेती मला बोटांना खोटी लागली. वजन नाही, कोपरा नाही. मी म्हटलं, "ही कोणत्याच नदीची नाही. ही रेतीच नाही." तू माझ्याकडे वळून पाहिलंस. सून झाल्यापासून आठ वर्षांत तू माझ्याकडे तसं पाहिलं नव्हतंस. "मग काय आहे?" विचारलंस. मी म्हटलं, मला काय विचारतेस, शिकलेली तू आहेस.

तू मला स्टुलावर बसवून मायक्रोस्कोपला डोळे लावायला सांगितलंस. आधी माझ्याच पापण्या दिसल्या. मग ते दिसलं. सुजाता, मी ते विसरणार नाही. एकेक दाणा म्हणजे बांधलेलं घर. एक इवलीशी खोली, तिला लागून जरा मोठी, तिला लागून आणखी मोठी, गोल गोल फिरत गेलेलं बांधकाम. भिंतीला बारीक भोकं. आणि हे बांधणारा एका पेशीचा जीव, ज्याला डोळे नाहीत, हात नाहीत. वाढला की नवी खोली बांधायची, मेला की घर तळाला जायचं. ना नकाशा, ना इंजिनियर, तरी एक भिंत तिरपी नाही. मी तासभर उठलो नाही. तू मला सांगत होतीस, की यातल्या काही जाती फक्त गरम पाण्यात राहतात, काही फक्त थंड पाण्यात, म्हणून गाळाच्या ज्या थरात जे दाणे सापडतील त्यावरून त्या काळी समुद्र गरम होता की थंड ते कळतं. "तुम्ही रेतीवरून नदी ओळखता," म्हणालीस, "मी समुद्र ओळखते. धंदा एकच आहे, बाबा."

त्या वाक्यासाठी मी तुझं पुढचं पुष्कळ सहन केलं.

कारण तू सहन करायला लावायचीसच. दाणा उचलायचा तो तीन केसांचा ब्रश तोंडात घालून ओला करायचीस आणि मला मात्र दहादा हात धुवायला सांगायचीस. गाडी चालवताना डावीकडे वळायचं असलं की माझ्याकडचा आरसा पाहायला मला सांगायचीस, आणि मी काही येतंय म्हटलं की पुन्हा स्वतः वाकून पाहायचीस. एकदा तू मला सांगितलंस, की एक जात अशी आहे की पाणी थंड असलं की तिचं घर डावीकडे वळतं आणि पाणी कोमट असलं की उजवीकडे. मी म्हटलं, थंडी पडली म्हणून कोणी डावखुरा होतो का? तू पन्नास दाणे माझ्यासमोर ठेवलेस आणि मोजायला लावलेस. अठ्ठेचाळीस डावे निघाले. बाकीच्या दोघांवरून मी संध्याकाळपर्यंत वाद घातला.

हळूहळू गाळ धुवायचं काम माझ्याकडे आलं. पगार नव्हता आणि मला नको होता. गाळ पाण्यात भिजवायचा, अगदी बारीक जाळीच्या चाळणीवर ओतायचा, वरून पाण्याची हलकी धार सोडायची. माती खाली जाते, दाणे वर राहतात. माझ्या हाताखाली दाणा फुटत नव्हता. तुझी ती विद्यार्थिनी, कॅरन, धार जोरात सोडायची आणि अर्धी घरं मोडायची. ती मला तुझं ऐकून 'बाबा'च म्हणते. आधी तिला ते माझं नावच वाटायचं.

सगळं नीट चालू होतं, फक्त ते निळं पाणी सोडून. एक नमुना धुऊन झाला की चाळणी घासायची, आणि मग ती एका टबात बुडवून ठेवायची. त्या टबात गडद निळा रंग, कपड्यांना घालतात त्या निळीपेक्षा दसपट गडद. जाळीत मागच्या नमुन्याचा एखादा दाणा अडकून राहिलाच तर तो निळा होतो. पुढच्या नमुन्यात तो निघाला तर दिसतो, की हा इथला नव्हे, मागून आलेला पाहुणा आहे. हे तू मला पहिल्याच दिवशी समजावलंस आणि मी त्याच दिवशी म्हटलं, मी घासलेल्या चाळणीत काही राहत नाही. पन्नास वर्षं मी चाळण्या हाताळल्या. धुतलेलं भांडं परत रंगात बुडवायचं, हे काय शहाणपण? तू म्हणालीस, "तुमच्या हातावर माझा भरवसा आहे. जाळीवर नाही." मी बुडवायला लागलो, पण मनातून नाही. रोज संध्याकाळी निघताना तू वही उघडायचीस आणि विचारायचीस, निळ्यात घातली? मी मान हलवायचो. तू त्या रकान्यात खूण करायचीस. फ्रिजवरच्या गोळीसारखीच.

आता जे लिहितो ते मी या आठवड्यापर्यंत मिलिंदलाही सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी आपण एडिसनला त्या नामकरणाला गेलो होतो. नवीन आलेली कंप्यूटरची पोरं पुष्कळ होती. त्यातल्या एकाने, पुण्याचा होता, माझी बोटं पाहिली. नखं निळी, नखांच्या कडा निळ्या. हसून म्हणाला, "काका, पेंटिंगचं काम घेतलंत का इथे येऊन?" मी म्हटलं, लॅबमध्ये असतो. तो "अच्छा, लॅब" म्हणाला आणि बायकोकडे बघून पुन्हा हसला. मी उरलेला वेळ हात खिशात घालून बसलो. जेवण चमच्याने जेवलो. तू ते पाहिलंस. परत येताना गाडीत तू गप्प बसायला पाहिजे होतं, पण तू म्हणालीस, "बाबा, आपल्या वस्तीत निळ्याला लाजणारे तुम्ही पहिलेच निघालात."

तुला ती गंमत वाटली. मिलिंदही हसला. मी तरुणपणी प्रत्येक मिरवणुकीत पुढे निळा झेंडा धरून चालणारा माणूस, पोलिसांच्या काठ्या खाल्लेला. मला ते बोलणं लागलं, पोरी. लागलं म्हणून मी काय केलं? तू दुसऱ्या दिवशी कॉन्फरन्ससाठी कॅलिफोर्नियाला गेलीस. शुक्रवारी मी गरम समुद्राचा गाळ धुतला होता, त्यात ते गुलाबी दाणे भरपूर होते, जे फक्त उबेत राहतात. उशीर झाला म्हणून चाळणी तशीच राहिली, आणि सोमवारी उत्तरेच्या थंड समुद्राचा गाळ धुवायचा होता. मी चाळणी घासली, दुप्पट घासली, उजेडात धरून पाहिली. आणि निळ्यात घातली नाही. रागाने घातली नाही. त्या आठवड्यात दुसरा नमुना नव्हता, आठवडाभर माझी नखं स्वच्छ होती.

तू परत आलीस, दाणे निवडायला बसलीस, आणि मला हाक मारलीस. थंड समुद्राचे ते पांढरे दाणे, आणि त्यांच्यात पाच गुलाबी. मी खूष झालो. म्हटलं, बघ, त्या काळी पाणी तापलं होतं. संध्याकाळी गाडीत, सिग्नलला थांबल्यावर, माझ्याकडे न पाहता तू विचारलंस, "बाबा, सोमवारी चाळणी निळ्यात घातली होती ना?"

"घातली होती," मी म्हटलं.

"बरं," म्हणालीस तू. सिग्नल हिरवा झाला.

पुढच्या महिन्यात तू भिंतीवर मोठा कागद लावलास. समुद्र कसा थंड होत गेला, कसा कोमट झाला, त्याची वर-खाली जाणारी रेघ. मला आता ती वाचता येत होती. त्या रेघेत एका जागी खिंड होती, रेघ तुटलेली. मी बोट ठेवून विचारलं, इथला माझा नमुना कुठे आहे? तू म्हणालीस, एका नमुन्यावर मी समुद्र गरम करत नाही, बाबा. मी म्हटलं, म्हणजे मी खोटं बोलतो. तू म्हणालीस, मी तसं म्हटलं नाही. मी म्हटलं, मग टाक तो त्यात. तू म्हणालीस, नाही. आपण अकरा दिवस बोललो नाही. अकराही दिवस तू सकाळी मफलर घेऊन दारात उभी राहायचीस, मी गाडीत बसायचो, आणि दोघं पुढे पाहत जायचो. बाराव्या दिवशी तू चाळणी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस की नवीन नळी आली आहे. झालं. भांडण मिटलं असं मी धरलं. ते मिटलं नव्हतं, हे मला गेल्या आठवड्यात कळलं.

पुण्यानुमोदनाचे लोक गेल्यावर कॅरन मागे थांबली. पांढरे कपडे घालून आली होती, कोणाला तरी विचारून. तिने तुझी वही आणली होती. मिलिंद मध्ये बसून तिचं बोलणं मला सांगत होता. तुझा शेवटचा लेख ती पुरा करणार आहे, नाव आधी तुझं राहील, आणि महिनाभरात तो पाठवायचा आहे. एकच गोष्ट अडली आहे. तिने वही उघडून माझ्यापुढे धरली. रकाने मला ओळखीचे होते. प्रत्येक ओळीला माझ्या नावाचं अक्षर, आणि निळ्याच्या रकान्यात तुझी खूण. खूण, खूण, खूण. आणि एका ओळीला काही नाही. चौकोन रिकामा.

तू खूण केली नव्हतीस. मी हो म्हणालो होतो, तू बरं म्हणाली होतीस, आणि तरीही तू खूण केली नव्हतीस. फुलीही मारली नव्हतीस. वर्षभर तो चौकोन तसाच ठेवलास.

मला इतका राग आला की माझे कान तापले. विश्वास नव्हता तर तोंडावर सांगायचं. मला ओरडायचं. सासऱ्याला ओरडता येत नाही म्हणून वहीत जागा रिकामी ठेवायची? मिलिंद म्हणाला, "बाबा, ती एवढी ड्राइव्ह करून आली आहे. नीट आठवून सांगा, घातली होती का?" आणि त्या रागात मी पुन्हा तेच म्हटलं. घातली होती.

कॅरनचा चेहरा उजळला. ती भराभर बोलायला लागली. मिलिंदने सांगितलं, की चाळणी निळ्यात घातली असेल आणि दाणे गुलाबीच निघाले असतील, तर ते त्याच थराचे. म्हणजे बर्फाच्या काळात मध्येच समुद्र तापला होता. हे आजवर कोणाला ठाऊक नव्हतं. सुजाताला खात्री नव्हती म्हणून तिने ते सोडलं होतं. आता ते लेखात टाकता येईल, सगळ्यात महत्त्वाचं तेच असेल. तिच्या नावावर.

तिच्या नावावर. हे दोन शब्द ऐकून मी तीन दिवस जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. तुझा एक जुना लेख माझ्या ट्रंकेत आहे. मला त्यातलं एक अक्षर कळत नाही, पण शेवटच्या पानावर तू आभार मानलेस तिथे माझं पूर्ण नाव आहे, बापाच्या नावासकट. तू बोट ठेवून दाखवलं होतंस. नागपुरात मी किती इमारतींना हात लावला त्याचा हिशोब नाही, एकाही दगडावर माझं नाव नाही. माझं नाव फक्त तुझ्या कागदावर आहे. आणि आता माझ्या एका 'घातली होती'वरून तुझ्या कागदात एक खोटा गरम समुद्र शिरणार होता. उद्या दुसरी कोणी तुझ्यासारखी खमकी बाई तो गाळ पुन्हा धुणार, तिला एकही गुलाबी दाणा मिळणार नाही, आणि ती म्हणणार की ही सुजाता कच्ची होती. तू असतीस तर भांडली असतीस. तू नाहीस. ही तुझी आणखी एक खोड, नको त्या वेळी गप्प.

चौथ्या दिवशी मी मफलर घेऊन मिलिंदच्या समोर उभा राहिलो. लॅबला ने, म्हटलं. त्याला वाटलं, मला तुझी जागा पाहायची आहे. त्याने ऑफिसला फोन करून मीटिंग कॅन्सल केली आणि वाटभर माझ्याशी फार गोड बोलत होता. मला ते सहन होईना. तुझ्या त्या सिग्नलपाशी गाडी थांबली तेव्हा मी सांगून टाकलं. मिलिंद म्हणाला, "तिला माहीत होतं, बाबा." मी विचारलं, काय म्हणाली होती? तर म्हणाला, "म्हणाली होती, त्यांना सांगू दे." वर्षभर तुम्ही दोघं एकाच ताटात जेवलात आणि मला कोणी काही बोललं नाही. काय माणसं आहात.

कॅरनला मी स्वतः सांगितलं. मला जेवढी इंग्रजी येते तेवढ्यात. "नो ब्लू. आय लाय." तिने मिलिंदकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं होतं, चिडेल. ती उठून थंड खोलीत गेली आणि एक छोटी पिशवी घेऊन आली. त्याच नळीचा, त्याच खोलीचा गाळ, चार चमचे उरलेला. पिशवीवर तुझ्या अक्षरात नंबर होता. म्हणाली, सुजाताने हा कोणालाही वापरू द्यायचा नाही असं सांगून ठेवलं होतं. आता माझ्यापुढे सरकवला.

मी बाह्या वर केल्या. शेल्फवरून चाळणी काढली, तीच, आपली. आधी घासली, माझ्या पद्धतीने, उजेडात धरून, जाळीचं एकेक छिद्र रिकामं दिसेपर्यंत. शपथेवर सांगतो, तिच्यात काही नव्हतं. मग निळ्यात घातली. ठेवली. कॅरन घड्याळ लावत होती, मी म्हटलं गरज नाही. काढून, विसळून, गाळ धुतला. एक दाणा फुटू दिला नाही. वाळायला रात्र लागते, म्हणून दुसऱ्या दिवशी मिलिंदने पुन्हा सुट्टी घेतली.

स्टुलावर मला बसवलं. तुझा ब्रश मी तोंडात घातला, ओला केला. आता कोणाला काय बोलायचं ते बोलू दे. पांढरे दाणे, सगळे डावे, शहाण्यासारखे. ओळीमागून ओळ पाहिली. गुलाबी एकही नाही. आणि मग दोन दाणे दिसले. निळेशार.

मी दुप्पट घासलेल्या चाळणीतून निघालेले. मी उजेडात धरून पाहिलेल्या जाळीतून. दोन पाहुणे, आपल्याच झेंड्याच्या रंगाचे, थंड समुद्रात येऊन बसलेले. त्यांना पाहून मी किती वेळ बसलो मला माहीत नाही. मिलिंदने खांद्यावर हात ठेवला तो मी काढून टाकला. मला तेव्हा तू पाहिजे होतीस, तो नाही. मला तुझ्या तोंडावर सांगायचं होतं, की चाळणी मला कळते हे माझं म्हणणं पन्नास वर्षांनी खोटं ठरलं आणि ते ठरवणारी तू होतीस. तू हसली नसतीस. तेच तर. हसली असतीस तर मी कधीच सांगून टाकलं असतं.

कॅरनने वही उघडली आणि त्या चौकोनात फुली मारायला पेन काढलं. मी तिच्या हातातून पेन घेतलं. म्हटलं, माय बॉक्स. तो चौकोन खुणेपुरता केलेला होता आणि माझं अक्षर चौथीचं, मोठं. पहिला शब्द कसाबसा मावला, दुसरा रेघ ओलांडून शेजारच्या रकान्यात गेला. बोटाचा निळा डागही पडला कागदावर. मी लिहिलं, 'नाही घातली', आणि खाली सही केली, बापाच्या नावासकट. कॅरनने विचारलं, हे कोण वाचणार? मिलिंद काही सांगायला गेला, मी त्याला थांबवलं.

तुझी रेघ आता पुरी झाली आहे. खिंडीत थंड समुद्र आहे, तू म्हणत होतीस तोच. वही कॅरनच्या टेबलावर उघडी ठेवून आलो आहे.

वाच एकदा. आणि मग म्हण तुझं ते 'बरं'. या वेळी चालेल.